वलीभाईची चार बोटं

बेल्ह्याच्या सोमवारच्या बाजारात बैलाचं वय विकणाऱ्याला विचारू नये, घेणाऱ्याला तर मुळीच विचारू नये, आणि बैल बिचारा बोलत नाही. म्हणून ते वलीला विचारावं, असा रिवाज होता. वली म्हणजे चिंचवाडीचा वली दलाल. वय पासष्टच्या पुढं, डोक्यावर विणलेली पांढरी टोपी, खांद्यावर चौकड्याचा रुमाल आणि चालणं असं ऐटीत, की नवख्याला वाटावं बाजार ह्याच्याच नावावर आहे.

चाळीस वर्षं ह्या माणसानं जनावरांचे दात बघितले. म्हाताऱ्या बैलाची शिंगं तासून, हिंगूळ फासून त्याला तरणा म्हणून उभा करणारे, लंगडा पाय चिखलात रोवून ठेवणारे, औताला जुंपलं की बसकण मारणाऱ्या बैलाला "लई गरीब हाय हो" म्हणून गळ्यात मारणारे, सगळे वलीला वचकून असत. त्याची बघायची रीत ठरलेली. आधी विचारायचं, दावं कुणाच्या हातात हाय? मग, कुठल्या बाजारातून आलाय? मग, विकायची एवढी घाई कशापायी? आणि ह्या तिन्हींची उत्तरं मिळाली तरी शेवटी जबडा उघडून दात बघायचेच. निकाल मात्र तोंडानं सांगायचा नाही. समोरच्याचा हात रुमालाखाली घ्यायचा आणि बोटं दाबायची. बैलांचा सौदा असाच होतो. चारचौघांत बोलणं फुटलं तर सौदा मोडतो. वलीच्या बापानं त्याला शिकवलं होतं, दलालानं जीभ चहापुरती वापरावी.

आता हा बैलांचा माणूस निवडणुकीच्या बातम्यांत कसा घुसला, ते ऐका. सगळा दोष गोरखचा. गोरखची बाजाराच्या तोंडाशी चहाची टपरी. मागल्या मोठ्या निवडणुकीच्या वेळी तो एका सोमवारी टपरी उघडी टाकून वलीकडं धावत आला. "वलीभाई, एक जनावर द्या. कसलंबी चालंल. रेडकू असलं तरी चालंल."

"दात कसले पायजेत?"

"मत द्यायला दात कशाला लागत्यात?"

वलीनं त्याच्या तोंडाचा वास घेतला. तो प्यालेला नव्हता. मग गोरखनं मोबाईल काढला. त्यात लिहिलेलं, की ज्या घरच्या दावणीला चार जनावरं त्या घराला एक मत जादा. जनावराच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर घेऊन मतदान केंद्रावर यावं. मेसेज लगेच पुढं पाठवा, उद्या काढून टाकणार आहेत. गोरखकडं तीन जनावरं. चौथ्यापायी मत बुडत होतं.

"ह्याचं दावं कुणाच्या हातात?" वलीनं विचारलं.

"भाच्यानं पाठवलंय."

"भाच्याला कुणी?"

"ग्रुपवर आलं म्हनं."

"ग्रुपवर कुणी टाकलं?"

"ते काय माहीत न्हाई, राव."

"मागचा धनी सापडत न्हाई तो बैल चोरीचा," वली म्हणाला. "आन घाई बघ किती! ज्याचं जनावर धड आसंल, तो उद्या मिळणार न्हाई म्हनून कशाला वरडंल?" एवढं बोलून त्यानं गोरखचा हात रुमालाखाली ओढला आणि एक बोट दाबलं.

झालं! गोरखच्या टपरीवर गोष्ट सांगितली की ती आळेफाट्याला पोचायला एसटी लागत नाही. पुढच्या सोमवारी बैल बघायला आठ माणसं आणि मोबाईल दाखवायला चाळीस. ओतूरचे आले, ओझरचे आले, पार आंबेगावातल्या घोडेगावाहून एक मास्तर आला. वलीनं रीतसर भाव बांधून दिला. एक बोट म्हणजे खोटं. दोन बोटं म्हणजे अर्धं खरं, अर्धं रंगवलेलं. तीन म्हणजे खरं, पण म्हातारं. चार वर्षांमागचं, शिंगं रंगवून पुन्हा बाजारात आणलेलं. आणि चार बोटं म्हणजे खरं.

मास्तर शहाणा होता. तो म्हणाला, "वलीभाई, हे उघड सांगत चला. रुमालाखाली काय झालं, हे बाकीच्यांना कसं कळायचं?"

"मास्तर, शाळेत तुमी उघड बोला," वली म्हणाला. "हा बाजार हाय."

खोड म्हणतात ती हीच. कारण निकाल रुमालाखाली लागल्यावर माणूस बाहेर येऊन काय वाट्टेल ते सांगायला मोकळा. एक बोट दाबून घेतलेला गडी चार बोटं वर करून मिरवायचा. महिन्याभरात निम्म्या मेसेजांखाली ओळ यायला लागली : 'बेल्ह्याच्या वलीभाईंनी दात पाहिलेले आहेत. चार बोटं.' जुन्नर तालुक्यातल्या दोन्ही बाजूंच्या माणसांकडं वलीची चार बोटं होती, आणि दोघांच्याही बातम्या एकमेकींच्या मुळावर. वलीला हे कळत नव्हतं असं नाही हो. पण मोठेपणा कुणाला कडू लागतो? आपलं नाव छापून येतंय म्हटल्यावर गडी रुमाल धुऊन, नीळ घालून बाजारात यायला लागला.

आणि मग चिंचवाडीची ग्रामपंचायत लागली.

वलीच्या वॉर्डातली जागा बाईसाठी राखीव निघाली. उभी राहिली त्याची सून इशरत. इशरत घरात शिलाई करायची, आणि तिला एकच मोठी खोड होती, ती म्हणजे काम अर्धं सोडता येत नसे. पाण्याच्या टाकीचा व्हॉल्व्ह दोन वर्षं गळत होता. ती रोज सकाळी जाऊन गळतीखाली कळशी लावायची आणि भरलेली कळशी ग्रामपंचायतीच्या पायरीवर नेऊन ठेवायची. सत्तावीस दिवसांनी व्हॉल्व्ह बदलला. तिला मेंबर व्हायचं होतं ते ह्याच जोरावर, दुसऱ्या कशाच्या नाही. दोन महिने ती दारोदार फिरली. संध्याकाळी घरी आली की पाय मिठाच्या पाण्यात सोडून बसायची, आणि वली लांबून बघून मनात म्हणायचा, ही पोरगी निवडून आली पायजे, या अल्ला, एवढं कर.

समोर होती प्रतिभा. आणि प्रतिभा कोणाची सून? रखमाजीची. रखमाजी वलीचा जिवाभावाचा दोस्त. त्याच्या गोठ्यातला प्रत्येक बैल वलीच्या रुमालाखालून गेलेला. दोघा म्हाताऱ्यांनी ठरवून टाकलं होतं, "सुना लढू दे, आपण चहा पिऊ." आणि खरंच पीत होते, गोरखच्या टपरीवर, एका बशीतून.

मतदानाला दहा दिवस राहिले असतील. वली सकाळी न्याहारीला बसला होता. इशरत बाहेर पडलेली. मुलगा दानियाल, इशरतचा नवरा, समोर येऊन बसला. दानियालचं आळेफाट्याला मोबाईल दुरुस्तीचं दुकान, आणि डोकं कायम दुकानात. "अब्बा, हे बगा, ग्रुपवर आलंय." त्यानं फोटो पुढं धरला. फोटोत रखमाजीचं अंगण, अंगणात प्रतिभा, प्रतिभाच्या हातात दुधाचं पातेलं आणि पुढ्यात एक बिबट्या जबडा वासून बसलेला. खाली लिहिलेलं : 'आपल्या शेळ्या कुठं जातात, आता कळलं का?'

वलीला असं हसू आलं की भाकरीचा तुकडा घशात अडकला. पाणी पिऊन त्यानं पुन्हा बघितलं. त्याला ते आवडलं. काय लपवायचं, फार आवडलं! सुनेचे मिठाच्या पाण्यातले पाय डोळ्यांपुढं आले आणि वाटलं, असंल बी. बिबटे काय कमी हायत आपल्याकडं? उसात पावलापावलाला एक. एखाद्याला लळा लागला आसंल. दावं कुणाच्या हातात? आपल्याच पोराच्या. कुठल्या बाजारातून आलं? आपल्याच घरातून. घाई? मतदान आल्यावर घाई असायचीच. तिन्ही परीक्षांत बिबट्या पहिल्या नंबरानं पास. दानियालनं बापाच्याच खांद्यावरचा रुमाल ओढून हातावर टाकला, आणि वली दलालानं चाळीस वर्षांत पहिल्यांदा दात न बघता चार बोटं दाबली.

दुपारपर्यंत फोटो 'वलीभाईंची चार बोटं' घेऊन साऱ्या पंचक्रोशीत. चिंचवाडीला तर अंगात आलं. माणसं काठ्या, विळे घेऊन रखमाजीच्या घराभोवती. दोघं गोठ्याच्या पत्र्यावर चढले आणि पत्र्यासकट खाली आले. ठकूबाई तीन वर्षांमागं हरवलेली शेळी परत मागायला आली आणि ठिय्या देऊन बसली. रखमाजीची बायको सारजाबाई पिवळ्या मांजराला कोंडून ठेवायला लागली, तर माणसं म्हणाली, बघा, कायतरी कोंडलंय. वनखात्याची माणसं आली, कोपरान् कोपरा बघितला, काही नाही म्हणून सांगून गेली. त्यावर गावानं ठरवलं, की बिबट्या पाहुण्यांकडं हलवलाय. प्रतिभाच्या सहा वर्षांच्या मुलीला शाळेत पोरांनी विचारलं, तुमचा बिबट्या काय खातो? तिला आयुष्यात पहिल्यांदा एवढा मान मिळत होता, ती म्हणाली, "दूधभात." मग तर पुरावाच झाला, राव!

प्रतिभाच्या बाजूचेही काही कमी नव्हते. ते सांगत फिरायला लागले, की बिबट्या पाळणारी बाईच मेंबर पायजे, म्हंजे बाहेरचे बिबटे गावात पाऊल टाकणार न्हाईत.

हसायला ठीक आहे. पण रखमाजीच्या घरचे दुधाचे रतीब एका दिवसात बंद झाले. बिबट्याच्या पातेल्यातलं दूध कोण घेणार? प्रतिभा दारातून निघाली की बायका लेकरं आत ओढायच्या. तिनं प्रचार सोडला आणि चुलीपुढं बसून राहिली. आणि रखमाजी टपरीवर यायचा बंद झाला. वली तीन दिवस एकटाच अख्खी बशी घेऊन बसला आणि त्याला ती गेली नाही.

सोमवारी बाजार भरला. अकराच्या सुमाराला रखमाजी आला. दावं नाही, बैल नाही, हातात नातवाचा मोबाईल. माणसं बाजूला झाली. रखमाजी वलीपुढं उभा राहिला आणि म्हणाला, "दात बघ."

वलीनं चष्मा लावला. गोरखनं दोन बोटांनी फोटो मोठा करून दिला. बिबट्याचा वासलेला जबडा सगळ्या काचेवर पसरला, आणि वलीनं चष्मा पुसून पुन्हा बघितलं. खालच्या जबड्यात आठ दात. सपाट, रुंद, एकाला एक लागलेले. वरच्या जबड्यात पुढं दातच नाहीत, नुसती हिरडी. मोबाईलमध्ये घरबसल्या बिबट्या बनवणाऱ्या त्या यंत्राच्या अकलेला बैलाचं आणि बिबट्याचं तोंड वेगळं असतं, हे कुणी सांगितलंच नव्हतं. असा जबडा वलीनं लाखभर तरी बघितला असेल. जुळलेला, म्हणजे सगळे दात आलेला बैल, आठ वर्षांचा, औताला चांगला. हा बिबट्या कडबा खात होता.

वलीनं मान वर केली. गर्दीत दानियाल उभा होता. तो डोळ्यांनी नको, नको म्हणत होता. बापाला सगळं कळलं. ग्रुप नाही, बाजार नाही. ते जनावर आपल्याच गोठ्यात जन्मलेलं.

त्यानं रखमाजीचा हात रुमालाखाली घेतला आणि एक बोट दाबलं. एकच.

रखमाजीनं हात मागं घेतला नाही. "तोंडानं सांग," तो म्हणाला.

"रखमाजी, चाळीस वरसं मी तोंडानं—"

"चाळीस वरसं बैल व्हते, वली. माझ्या सुनेची अब्रू रुमालाखाली मावत न्हाई."

सगळा बाजार कान टवकारून उभा. वलीला इशरत दिसत होती, तिच्या पायांचे फोड दिसत होते. बोललो तर पोरीचं दोन महिन्यांचं चालणं मातीत. नाही बोललो तर हा समोरचा माणूस गेला, कायमचा. भीती वाटत होती त्याला, खरोखर भीती. त्यानं रुमाल काढून गोरखच्या हातात दिला, जवळच्या टेम्पोच्या फळीवर चढला आणि ओरडला, "फोटो खोटा हाय! बिबट्याच्या तोंडात बैलाचे दात हायत. माझ्या पोरानं केलाय आन मी न बघता चार बोटं दाबली. रखमाजीच्या घरात मांजर हाय, बाकी काय न्हाई!"

उतरताना त्याला रखमाजीनंच हात दिला.

इथं गोष्ट संपायला हवी होती. सत्य बोललं की पुढं न्याय, असं आपल्याला शाळेत शिकवलेलं असतं. पण गोरखनं सगळं मोबाईलवर घेतलं होतं, आणि चहा उकळायच्या आत ते गावोगाव पोचलं. संध्याकाळी त्याच्याखाली ओळ आली : 'वलीभाईंवर दबाव. रुमाल कुठं आहे?' मंगळवारी दुसरी ओळ : 'व्हिडिओ बनावट आहे. खरे वलीभाई तोंडानं बोलत नाहीत.' माणसांना ते पटलं. पटण्यासारखंच होतं. चाळीस वर्षांत कुणी त्याला उघड निकाल देताना बघितलं होतं?

बुधवारी ओतूरहून भागू नावाचा गडी खास मोटारसायकलवर वलीच्या ओट्यावर आला आणि वलीपुढं वलीचाच व्हिडिओ धरला. "चाचा, ह्याचे दात बगा. हा मानूस खरा का?"

"मीच हाय तो."

"ते कळलं हो. पर खरा का?"

वलीनं कपाळावर हात मारून घेतला. मग शेवटी तोंड उघडलं. भागूनं बॅटरी लावून आत बघितलं, मग मोबाईलमध्ये बघितलं, पुन्हा आत बघितलं. खाली डावीकडं दोन, उजवीकडं एक, वर सगळा उजेड. "जुळतंय," भागू म्हणाला, "पर आता काय, दातबी बनवत्यात." आणि हात पुढं करून म्हणाला, "तुमी आपलं रुमालाखालून सांगा."

दानियाललाही वलीनं सोडलं नाही. कान धरून नव्हे, पण जवळजवळ तसंच, प्रतिभाच्या दारात नेऊन उभं केलं. त्यानं माफी मागितली. मग ग्रुपवर लिहिलं, की फोटो मी बनवला होता. त्याला 'विरोधकांना फितूर' म्हणून ग्रुपमधून काढून टाकण्यात आलं.

इशरतला हे सोमवारीच कळलं होतं. दुसऱ्या दिवशी ती नेहमीच्या वेळेला बाहेर पडली, आणि मत न मागता दारोदार एवढंच सांगत फिरली, की प्रतिभाताईकडं बिबट्या न्हाई, तो फोटो आमच्या घरातून निघाला. बायका तिच्याकडं बघून विरघळायच्या. "काय मोठ्या मनाची पोरगी! दुश्मनावर पांघरूण घालती. आन जिच्यासाठी ही एवढी फिरती, ती, बघा, बिबट्या पाळती." तोंड फिरवून ती पुढच्या दारात जायची.

मतदान झालं. मंगळवारी मोजणी झाली. इशरत नऊ मतांनी निवडून आली.

हलगी आली, गुलाल आला. वलीच्या ओट्यावर माणसं नाचली. रखमाजीनं नातवाच्या हाती पेढे पाठवले, त्याला खरोखर आनंद झाला होता की नाही ते त्याचं त्यालाच ठाऊक. वली पेढ्याचा पुडा मांडीवर घेऊन आतल्या खोलीत बसला होता. इशरत आत आली. केसांत, कानांत, पापण्यांवर गुलाल. तिनं दार लोटून घेतलं आणि त्याच्यापुढं खाली बसली.

"अब्बा, एक विचारू?"

"विचार की, बेटा."

"नऊ मतं जास्त पडली. त्यातली माझी किती आन त्या फोटोची किती?"

वलीनं बोलायला तोंड उघडलं. टाकीच्या व्हॉल्व्हचं बोलावं, तिच्या चालण्याचं बोलावं, असं त्याला फार वाटलं. कुणाच्या तरी दारात जाऊन विचारता आलं असतं, तर तो त्या मिनिटाला उठून गेला असता.

"न्हाई सांगता येत," तो म्हणाला.

"मी दोन महिने चालले, अब्बा." तिनं पदरानं कपाळ पुसलं, गुलाल नुसता पसरला. "मला जिंकायचं व्हतं. हरले असते तर रडले असते, पर कळलं तरी असतं मी कशी हरले. आता मी जिंकले का न्हाई, हे मला जल्मात कळायचं न्हाई."

बाहेर हलगीवाल्यांनी चाल बदलली आणि बायका तिच्या नावानं हाका मारायला लागल्या. इशरत उठली, पदर नीट केला आणि बाहेर गेली.